मिसबाईंना न शिकवलेला शब्द

मला पंडितबाई म्हणणारं एकच माणूस माझ्या आयुष्यात आलं, आणि ते अमेरिकेतल्या एका गव्हाच्या शेतावरून आलेलं होतं. मी तेव्हा बाविशीतली, मॅट्रिक झालेली आणि तोंडाने फटकळ. पांडित्याचा आणि माझा संबंध एवढाच की मिशनमध्ये मराठी शिकवणाऱ्याला पंडित म्हणायची जुनी रीत होती. बाई मिळाली म्हणून पंडितबाई. त्यांना स्वतःला सगळं ठाणं मिसबाई म्हणे. लग्न न झालेली गोरी बाई म्हणजे मिस, आणि नुसतं मिस म्हणणं उद्धटपणाचं वाटतं म्हणून पुढे बाई.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. वडील गेलेले. तलावाजवळच्या दोन खोल्यांत मी आणि आई राहत होतो. शाळेत नोकरी मिळेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं की खाडीकडच्या बंगल्यात एक नवी मिशनरी नर्स आली आहे, तिला मराठी शिकवायला आणि गावोगाव सोबत फिरायला बाई हवी आहे. मी गेले आणि लागले. शेजारणी आईला म्हणाल्या, "अहो, बाटवतील पोरीला." आई म्हणाली, "बाटायची असती तर माझ्या हातची आमटी खाऊन केव्हाच बाटली असती." आईचं बोलणं असं होतं. माझं तोंड कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

मिसबाई चोवीस वर्षांच्या होत्या. उंच, हाडकुळ्या, नाकाचं कातडं उन्हाने सतत सोललेलं. जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या होत्या. पहाटे पाचला उठून गुडघे टेकून प्रार्थना, मग पाणी उकळायचं, ते गाळून पुन्हा उकळायचं, मग स्टोव्हवर पत्र्याच्या डब्यात पाव भाजायचा. तो पाव त्यांनी मला एकदा फार प्रेमाने दिला. मी पदराआड धरून घरी आणला आणि आईने तो दोन दिवस ताकात भिजवून पाहिला. कपडे त्या स्वतः धूत. हिवतापाने महिन्यातून एकदा तरी आडव्या पडत, आणि उठल्या की पहिल्यांदा आईला पत्र लिहीत, त्यात ताप आल्याचं मात्र लिहीत नसत. हे मला ठाऊक होतं, कारण पत्र लिहून झालं की त्या ते मला मोठ्याने वाचून दाखवत. माझं इंग्रजी सुधारावं म्हणून, असं म्हणत. मला वाटतं, दुसरं कुणी ऐकायला नव्हतं म्हणून.

आठवड्यातले तीन दिवस आम्ही कल्याणला जात असू. शहाडच्या वाटेवर लष्कराच्या जुन्या बराकींत सिंधी निर्वासितांना ठेवलं होतं. एकेका बराकीत गोणपाटाचे आडोसे करून चार-चार कुटुंबं. दुधाची भुकटी पाण्यात कालवून रांगेतल्या आयांच्या भांड्यांत ओतायची, हे माझं काम. मुलांचे डोळे धुणं, गळवं कापणं, जुलाब लागलेल्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजणं, हे त्यांचं. त्या छावणीत मी पहिल्यांदा मेलेलं मूल हातात घेतलं. त्याच्या आईने ते माझ्याकडे झोपलेलं म्हणून दिलं होतं. मी घरी येऊन आईला काही सांगितलं नाही, फक्त जेवले नाही. मिसबाई त्या दिवशी परतीच्या वाटेवर मला म्हणाल्या, "पंडितबाई, 'झोपणे' आणि 'निजणे' यांत फरक काय?" मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. नंतर कळलं की रडू येऊ लागलं की त्या शब्दांचे अर्थ विचारत.

शिकायला त्या कमालीच्या चिकट होत्या. काळ्या कापडी बांधणीची एक वही होती, तिच्यात रोजचे वीस शब्द. सहा महिन्यांत त्या 'ळ' माझ्या आईइतका स्वच्छ म्हणू लागल्या. पण एका बाबतीत आमचं जमेना. देवी-देवतांची नावं त्या तोंडातून काढत नसत. 'देव' चाले, तो त्यांच्या बायबलातही होता. 'देवी' चालत नसे. वाचनपाठात शब्द आला की त्या तिथे थांबत आणि पुढल्या शब्दावर उडी मारत. मी चिडवायची, "मिसबाई, ज्या लिपीत तुम्ही लिहिता तिचं नाव देवनागरी आहे, आता काय करणार?" त्या हसत आणि मान हलवत. वहीत मात्र तो शब्द येत नसे.

आता त्यांचं मोठं काम होतं ते टोचण्याचं. त्या वर्षी छावणीत आणि आजूबाजूच्या गावांत देवीची साथ होती. आपल्याकडे त्या रोगाचं नावच देवी. ती अंगावर उठली की घरात देवी आली म्हणायचं, लस घ्यायची तर देवी काढून घ्यायच्या. हे कुणाही मराठी मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. दंडावरचा वण दाखवून आई सांगते, ही बघ तुझी देवी. मी मिसबाईंना हे शिकवायला हवं होतं. पण शब्द उच्चारला की त्यांचा चेहरा ताठ होणार, मग मूर्ती खोट्या कशा यावर अर्धा तास जाणार, मग माझं तोंड सुटणार, हे सगळं मला पाठ होतं. म्हणून मी सोपा रस्ता धरला. "टोचणे" शिकवलं, "लस" शिकवलं, आणि रोगाला "फोडांचा मोठा ताप" असं काहीतरी स्वतःच बनवून दिलं. गावात लोक जे बोलत ते मीच इंग्रजीत सांगत असे, त्यामुळे अडलं काही नाही. गावच्या बायका म्हणत, "टोचू नको, देवी कोपेल," आणि मिसबाईंना वाटे की गावात एक मूर्ती आहे आणि ती या सगळ्याच्या आड येते आहे. तसं पाहिलं तर तेही खोटं नव्हतं.

डोंबिवलीला उतरून भातशेतांच्या बांधांवरून खाडीकडे चालत गेलं की होडी मिळे. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशनापाशी चार चाळी, दोन किराणावाले, आणि मग एकदम शेतंच. होडीने पलीकडे उतरलं की मिठागराचं गाव. पांढऱ्या मिठाच्या राशी, त्यांवर गवताची शाकारणी, आणि अनवाणी पायांनी मीठ ओढणारी माणसं. त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगा पाहून मिसबाई पहिल्या दिवशी खाली बसल्या आणि एका बाईच्या पायाला मलम लावू लागल्या. ती बाई लाजेने अर्धमेली झाली. पण त्यामुळे गावाने आम्हाला आत घेतलं.

त्या गावात एक म्हातारी होती. तिच्या घरात तिचे दोन मुलगे, थोरल्याची बायको आणि तिची चार वर्षांची मुलगी. गावातली निम्मी पोरं टोचून झाली होती, पण म्हातारीचं घर नाही म्हणे, आणि तिने नाही म्हटलं की उरलेलं गाव नाही म्हणे. सुनेची गोष्ट वेगळी होती. माहेरी तिचा भाऊ याच रोगाने आंधळा झालेला. ती एकदा विहिरीवर मिसबाईंचा हात धरून म्हणाली, "बाई, माझे पोरीला टोच. सासूला सांग कसा पन. ती नाय बोलली तर मना घरान नाय ठेवनार." मिसबाईंना सगळं कळलं होतं, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं. तेव्हापासून ती मुलगी त्यांच्या मनात बसली. प्रार्थनेत तिचं नाव असे. आमचं बोलणं निघालं की शेवट तिच्यावर येई.

तिसऱ्या खेपेला मिसबाईंनी म्हातारीच्या अंगणातच मुलीचा दंड हातात घेतला आणि स्पिरिटचा बोळा फिरवला. मुलगी गार लागलं म्हणून हसली. म्हातारी आतून आली आणि तिने पोरीला खेचून घेतलं.

"सुई लावलीस तर देवी कोपंल," ती म्हणाली.

मिसबाई म्हणाल्या, "देवी खोटी आहे." हा शब्द त्यांनी तेवढ्यापुरता तोंडाला लावला.

मी घाईने म्हटलं, "बाई म्हणतात, भिऊ नका." माझी भाषांतरं अशी असत.

म्हातारी काही खुळी नव्हती. तिने दोघींकडे पाहिलं आणि मिसबाईंना म्हणाली, "आज नको. उद्या बी नको. मना वाटंल तवा मी बोलवीन. तवा ये."

मिसबाई उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतःच्या मराठीत, माझ्याकडे न पाहता म्हटलं, "तुम्ही बोलवा. मी त्याच दिवशी येईन." म्हातारीने मान हलवली. परतताना होडीत मिसबाई सारख्या तेच वाक्य पुटपुटत होत्या, चूक तर नाही ना झाली म्हणून. चूक नव्हती. मी त्यांना शाबासकी दिली.

चैत्राच्या सुरुवातीला माझी आई तापाने पडली. मिसबाई मोसंबी आणि औषध घेऊन घरी आल्या. त्यांनी आईचं अंग पुसलं, केस विंचरून दिले, चादर बदलली. पोटच्या पोरीने करावं तसं सगळं केलं, आणि मी ते बघत दारात उभी होते. निघताना त्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेली. आत एक अन्नपूर्णा आणि आईने माहेरून आणलेला बाळकृष्ण. ताप असूनही आईने सकाळी उठून त्यांना आंघोळ घातली होती. मिसबाई आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आई, या बाहुल्या तुम्हाला बरं करणार नाहीत. मी तुमच्यासाठी प्रार्थना करते."

वाक्य निर्दोष होतं. 'बाहुली' हा शब्द मीच दोन आठवड्यांपूर्वी शिकवला होता, अनेकवचनासकट.

मिसबाई गेल्यावर तिने मोसंबी बाजूला सारली आणि मला विचारलं, "तू शिकवलंस का हे तिला?" मी नाही म्हटलं. आईने भिंतीकडे तोंड केलं. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिला वाटलं की मी त्या बंगल्यात बसून तिच्या देवांना हसते. ते माझ्या इतकं जिव्हारी लागलं की नोकरी सोडावी असंच मनात आलं. सोडली नाही, घर चालायला हवं होतं. पण मिसबाईंशी मी धड्यापलीकडे एक अक्षर बोलेनाशी झाले. त्यांना काय झालं ते कळेना. त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. पान उघडा."

आठवडाभर असंच चाललं. मग तो मंगळवार आला. मी पुढच्या खोलीत प्रयोजक क्रियापदं घेऊन बसले होते. मागच्या दाराशी रोजची मासेवाली आल्याचं ऐकू आलं. ती खाडीपलीकडून ठाण्याच्या बाजारात यायची आणि मिठागराच्या गावावरूनच तिचा रस्ता होता. मिसबाई बराच वेळ तिच्याशी बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता आणि गोंधळलेलाही.

"पंडितबाई," त्या म्हणाल्या, "म्हातारीने मला बोलावलं आहे. मासेवाली सांगते. पण ती म्हणते, म्हातारीच्या घरात देवी आली आहे. घरात देवी आली म्हणजे काय?"

मी ते वाक्य आजवर कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे. पुढे लोकांना सांगताना मी म्हणत आले की त्या क्षणी दुसरा अर्थ माझ्या डोक्यातच आला नाही. चैत्र होता, गावोगाव जत्रा, पालख्या. देवी येणं म्हणजे पालखी येणं, असं समजणं साहजिक होतं. हे सगळं खरं आहे. पण बोलण्याआधी मनात काहीतरी खटकलं होतं, तेही खरं. छावणीत साथ, ज्या घराने टोचू दिलं नाही त्या घराचं बोलावणं, आणि निरोपात देवी. एवढं जुळवायला बुद्धी लागत नाही, घटकाभर थांबावं लागतं. मी थांबले नाही. मला तो शब्द सापडला होता आणि तो मला फेकून मारायचा होता.

मी म्हटलं, "देवी आली म्हणजे देवी आली. तुमच्या भाषेत, बाहुली आली. जत्रेचे दिवस आहेत. दर्शनाला बोलावलं असेल."

त्यांचा चेहरा आधी गळ्यापर्यंत लाल झाला, मग पांढरा पडला. मी आठवडाभर का रुसले होते ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मग मी जाऊ शकत नाही. मूर्तीच्या दर्शनाला मी नाही जाऊ शकत. तिला माहीत आहे ते." आणि थोड्या वेळाने, "पंडितबाई, तुमच्या आईंची मी क्षमा मागते." मी म्हटलं, "पान उघडा." मला फार बरं वाटलं. त्या दिवशी संध्याकाळी मी आईला गरम भात वाढला आणि आपणहून गप्पा मारल्या.

रविवारी सकाळी मी भांडी घासत होते. आई दारातून म्हणाली, "अगं, नगरपालिकेचा माणूस आलाय देवी काढायला. हात धुऊन ये, समोरच्यांच्या पोरांना धरायला कुणी नाही."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. चपला न घालता मी खाडीकडच्या बंगल्यापर्यंत गेले. मिसबाई प्रार्थनेहून नुकत्याच आल्या होत्या, डोक्याला रुमाल तसाच होता. मी दम घेत म्हटलं, "देवी म्हणजे तो रोगही. फोडांचा. त्याला देवी म्हणतात."

त्यांनी हळू विचारलं, "कधीपासून?"

"म्हणजे?"

"हा अर्थ कधीपासून आहे?"

"पूर्वीपासून."

"मग मंगळवारीही होता," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी मला याबद्दल काहीच विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. त्यांनी थर्मासात बर्फ भरला, लसीच्या नळ्या घेतल्या आणि आम्ही निघालो. गाडीत त्यांनी फक्त हिशेब सांगितला, स्वतःशी बोलल्यासारखा. रोग्याच्या संपर्कात आल्यापासून तीन दिवसांत टोचलं तर माणूस वाचतं. चार दिवसांतही वाचू शकतं. आज सहावा. त्या बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होत्या, जणू एखादं बोट कमी भरेल.

म्हातारीच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले होते. घरात फोडणीचा वास नव्हता, मासळीचा नव्हता, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आत धाकटा मुलगा लिंबाच्या पाल्यावर निजलेला. तो छावणीच्या बाजारात मीठ विकायला जात असे. चेहऱ्यावर बोट ठेवायला जागा उरली नव्हती. आणि अंगणात ती चार वर्षांची पोर, अगदी ठणठणीत, नारळाच्या करवंटीत माती भरून भात शिजवत बसलेली.

म्हातारी उंबऱ्यात उभी होती. तिने मिसबाईंना म्हटलं, "आता आयलीस?" एवढंच. मग तिने स्वतः नातीला उचललं आणि तिचा दंड पुढे केला. मिसबाईंनी टोचलं. पोर रडली, सुनेने तिला गूळ दिला. त्या दुपारी म्हातारीच्या शब्दावर सगळ्या गावाने टोचून घेतलं. पस्तीस-चाळीस माणसं असतील. मी एकेकाचा दंड धरत होते, आणि म्हातारी प्रत्येकाला सांगत होती, "घे, काय होत नाय."

मग वाट पाहणं आलं. मिसबाई छावणीचं काम दुसऱ्या नर्सवर सोपवून रोज त्या गावी जाऊ लागल्या. मीही जाई. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, नको म्हटलं नव्हतं. मुलीच्या दंडावर लसीचा फोड नीट धरला. सुनेने तो मला दाखवला, तिचा चेहरा फुललेला. "बघ ताई, आयली हिची देवी. आता भ्या नाय ना?" मी मिसबाईंकडे पाहिलं. त्यांना प्रश्न कळला होता, शब्दासकट. त्या म्हणाल्या, "अजून सहा दिवस थांबू या." सून हसली आणि कामाला गेली. धाकट्याच्या खपल्या धरू लागल्या होत्या, तो पेज मागत होता. घरात जरा जीव आला होता. म्हातारीने एक दिवस आम्हाला चहासुद्धा दिला.

त्या सहातल्या पाचव्या दिवशी पोरीला ताप भरला.

पुढचे दिवस मला लिहायचे आहेत, पण जिवावर येतं. मिसबाई त्या घरात राहायला गेल्या. आंघोळ खाडीवर, जेवण म्हातारी देईल ते, झोप भिंतीला टेकून. पोरीच्या ओठांवर, जिभेवर, डोळ्यांच्या पापण्यांच्या आत फोड आले. तिला पाणी गिळवेना. कापसाचा बोळा ओला करून त्या तिच्या तोंडात पिळत, तासन्‌तास. म्हातारी लिंबाच्या डहाळीने वारा घाली आणि देवीची गाणी म्हणे, शांत हो आई, शीतळ हो आई. मिसबाईंनी तिला थांबवलं नाही. एकदा मी पाहिलं, म्हातारी दमून थांबली तेव्हा मिसबाईंनी तिच्या हातातली डहाळी घेतली आणि त्याच तालात वारा घालत राहिल्या. ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते देव जाणे. सून एका कोपऱ्यात बसून असे. तिने कुणालाही एक शब्द विचारला नाही. तिच्या नुसत्या बसण्याने मला घरात उभं राहवत नसे आणि मी काहीतरी निमित्त काढून पाणी आणायला जाई. रिकामी कळशी घेऊन विहिरीपाशी उभी राहिले की मी सगळ्या देवांना हात जोडत असे, अन्नपूर्णेला, बाळकृष्णाला, आणि हो, त्यांच्या येशूलाही. पोर जगू दे, मी या घरच्यांना सगळं सांगेन, असं म्हणत असे.

तापाच्या आठव्या दिवशी सकाळी पोर गेली. सूर्य बराच वर आला होता, बाहेर मीठ ओढायचं काम चालू होतं. लाकडी फळ्यांचा तो घासल्याचा आवाज येत होता. बाप कामावरून बोलावून आणला. अशा मुलांना जाळत नाहीत, देवी अंगावर असताना जाळू नये म्हणतात. गावाच्या कडेला पुरलं. मिसबाई माणसांमागे बऱ्याच लांबून चालत गेल्या. मी अंगणात थांबले.

दहाव्याला आम्ही पुन्हा गेलो. मिसबाई त्या आठवड्यात दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या. घरात दोघीच होत्या, म्हातारी आणि सून. मिसबाई दारातल्या मातीवर बसल्या, पाटावर नाही. त्यांनी तयारी करून आणली असावी, कारण त्या एकदाही अडखळल्या नाहीत.

"तुम्ही मला बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, त्याच दिवशी येईन. मी आले नाही. मला तुमचा शब्द कळला नाही. चूक माझी आहे."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. आता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. एक वाक्य पुरलं असतं, आणि माझ्याजवळ वाक्यांना काय तोटा होता.

म्हातारीने मिसबाईंच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझी नाय ती भाषा, बाय," ती म्हणाली. "तुला नाय समाजला त्यान तुझा काय दोष?" मग ती माझ्याकडे वळली. रागाने नाही, खरोखरच कळत नसल्यासारखी. "पन तुला तं समाजतं ना गो पोरी? निरोप आयला तवा तू कुठं व्हतीस?"

सुनेने पहिल्यांदाच मान वर केली.

"मी नव्हते तेव्हा तिथे," मी म्हटलं. "आई आजारी होती, मी घरी होते."

मिसबाई माझ्या शेजारी बसून होत्या. त्यांना त्यातला शब्द न् शब्द कळला.